वजनकाट्याला न दिसणारं व्हिटॅमिन

या वीकेंडचा विषय आहे अमेरिकेतले बैल आणि त्यांच्या खुराकातलं व्हिटॅमिन ई. हसू नका! मी कोड लिहून पोट भरणारा माणूस, गोठ्याशी माझा संबंध दुधाच्या पिशवीपुरताच. पण हा इतिहास वाचायला घेतला आणि सोडवेना. वरवर तो जनावरांचा आहे, मुळात मात्र मोजमापाचा आहे. आपण सगळेच आकड्यांवर जगतो. अप्रेझलचा आकडा, प्रोजेक्टचा आकडा, सर्व्हरचा आकडा. जे मोजतो ते दिसतं, आणि जे मोजत नाही ते एक दिवस धाडकन समोर येऊन उभं राहतं. व्हिटॅमिन ईच्या बाबतीत हे एकदा नाही, तीनदा झालं.

पहिली खेप : उंदीर

साल १९२२. कॅलिफोर्निया विद्यापीठ, बर्कली. हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरीन स्कॉट बिशप हे दोघे शरीररचनेचे अभ्यासक उंदरांवर प्रयोग करत होते. तो काळ व्हिटॅमिनांच्या शोधाचा. पद्धत साधी होती : नेहमीचं अन्न बंद करायचं, शुद्ध केलेले घटक मोजूनमापून मिसळायचे आणि जनावर त्यावर जगतंय का ते बघायचं. इव्हान्स-बिशप यांच्या मिश्रणात दुधातलं केसीन, मक्याचं स्टार्च, डुकराची चरबी, लोण्याचा स्निग्धांश, क्षार आणि यीस्ट होतं. म्हणजे तोवर माहीत असलेलं जवळजवळ सगळं.

उंदीर मस्त वाढले. वजन चांगलं, तब्येत ठणठणीत. माद्या गाभणही राहायच्या. पण पिल्लं होत नव्हती. गर्भ काही दिवस वाढायचा, मग मरायचा आणि आतल्या आत जिरून जायचा. बाहेरून बघणाऱ्याला पत्ताच लागू नये.

आता यातली गंमत बघा. बहुतेक प्रयोगशाळांमध्ये तेव्हा आहार चांगला की वाईट हे ठरायचं ते वजनाच्या आलेखावरून. रेषा वर चाललीये ना, मग झालं! इव्हान्सचा मूळ विषय मात्र प्रजनन. उंदराच्या मादीचं ऋतुचक्र त्यानं जोसेफ लाँग या सहकाऱ्याबरोबर अगदी बारकाईनं अभ्यासलेलं होतं. उंदरांची 'लाँग-इव्हान्स' ही जात आजही प्रयोगशाळांत वापरतात, ती याच दोघांच्या नावाची. त्यामुळे जिथे बाकीचे बघत नव्हते तिथे त्याची नजर गेली. वजन घेऊन थांबला असता तर त्याच्या लेखी तो आहार 'पास' झाला असता.

मग त्यांनी त्याच उंदरांना लेट्यूसची ताजी पानं दिली, आणि पिल्लं झाली. पुढे गव्हावर प्रयोग झाले. गिरणीत गव्हाचे तीन भाग वेगळे होतात : कोंडा, आतला पांढरा भाग आणि अंकुर. जादू अंकुरात होती, आणि अंकुराच्या पिवळ्या तेलाचा रोज एखादा थेंबही पुरत होता. सुरुवातीला या अज्ञात घटकाला 'एक्स' म्हणत. १९२४ साली बार्नेट शुअर या शास्त्रज्ञानं सुचवलं की ए, बी, सी, डी झाली आहेत, तर ही ई. (नाव ठेवण्यात आपले प्रोग्रामर आळशी असतात असं कोण म्हणतं?)

शुद्ध स्वरूपात हे द्रव्य हाती यायला १९३६ उजाडलं. इव्हान्सच्याच प्रयोगशाळेत ऑलिव्हर इमर्सन आणि ग्लॅडिस इमर्सन यांच्या साथीनं गव्हाच्या अंकुराच्या तेलातून ते वेगळं काढलं गेलं. नाव देण्यासाठी विद्यापीठातले ग्रीकचे प्राध्यापक जॉर्ज कॅल्हून यांना विचारलं. ग्रीकमध्ये 'टोकोस' म्हणजे बाळंतपण आणि 'फेरेन' म्हणजे वाहून आणणं, त्यापुढे अल्कोहोलची शेपटी 'ऑल'. झालं टोकोफेरॉल. थोडक्यात, अपत्य देणारं अल्कोहोल. १९३८ मध्ये एर्हार्ड फर्नहोल्झनं त्याची रचना उलगडली आणि त्याच वर्षी झुरिकमध्ये पॉल कारर यानं ते कृत्रिमरीत्या बनवलं. म्हणजे आता ते पोत्यानं विकता येणार होतं!

दुसरी खेप : गायी

उंदरांचं कळलं, आता गायीगुरांचं काय? अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात गुलिकसन आणि कॅल्व्हर्ली यांनी व्हिटॅमिन ई नसलेल्या आहारावर गुरं वर्षानुवर्षं वाढवून बघितली. उंदरांवरून बांधलेला अंदाज होता की गायी वांझ राहतील. पण तसं काहीच झालं नाही. वासरं नीट वाढली. कालवडी वेळेवर गाभण राहिल्या, व्याल्या. कुणीही म्हटलं असतं की गुरांना व्हिटॅमिन ई लागतच नाही, फाइल बंद करा.

आणि मग त्यातली काही जनावरं अचानक मेली. आजारपण नाही, खाणं कमी झालेलं नाही, उभ्या उभ्या कोसळली. शवविच्छेदनात दोष सापडला हृदयाच्या स्नायूत. गुलिकसन-कॅल्व्हर्लींनी चक्क गायींचे ईसीजी काढले आणि १९४६ साली 'सायन्स' या नियतकालिकात ते प्रसिद्ध केले. वजनाच्या आलेखात जे कधीच उमटलं नाही ते ईसीजीच्या रेघेत दिसत होतं.

मला हा प्रसंग फार लागला. आमच्या धंद्यात याला नाव आहे : डॅशबोर्ड हिरवा आणि सिस्टिम मेलेली. मेमरी हळूहळू गळत असते, पण मॉनिटरिंगवाला बघत असतो सीपीयू. सीपीयू अगदी शेवटच्या मिनिटापर्यंत छान असतो. फरक इतकाच की आपल्याला सर्व्हर रीस्टार्ट करता येतो.

हे होतं तरी का? थोडं रसायनशास्त्र, घाबरू नका. शरीरातली प्रत्येक पेशी एका पातळ स्निग्ध पडद्यात गुंडाळलेली असते. तेल हवेत ठेवलं की खवट होतं, तसंच हा पडदाही ऑक्सिजनमुळे 'खवट' होऊ शकतो. एक रेणू बिघडला की तो शेजारच्याला बिघडवतो, तो पुढच्याला. साखळीच लागते. व्हिटॅमिन ई त्या पडद्यातच बसलेलं असतं आणि स्वतः बळी जाऊन ती साखळी तोडतं. जिथे काम जास्त तिथे ही आग जास्त, आणि हृदय तर कधी सुट्टी घेतच नाही.

१९५७-५८ मध्ये या गोष्टीत अजून एक पात्र आलं, सेलेनियम. आधी क्लाउस श्वार्त्झनं उंदरांवर दाखवलं की तोवर विष म्हणून बदनाम असलेलं हे द्रव्य अत्यल्प प्रमाणात गरजेचं आहे. लगेच पुढच्या वर्षी ओरेगनमध्ये मुथ आणि सहकाऱ्यांना दिसलं की कोकरांचे स्नायू पांढरे पडून ती ताठरतात, तो रोग सेलेनियमनं टळतो. कारण १९७३ मध्ये कळलं : सेलेनियम ज्या एन्झाइमचा भाग आहे ते एन्झाइम पेरॉक्साइडचा निचरा करतं. म्हणजे सेलेनियम ठिणग्या विझवतं आणि व्हिटॅमिन ई आग पसरू देत नाही. दोन थरांची सुरक्षा. एक थर थोडा कमकुवत झाला तर दुसरा सांभाळून घेतो, म्हणून बिघाड लवकर लक्षात येत नाही. ओळखीचं वाटतंय ना?

मध्यंतर : गवताकडून मक्याकडे

आता जरा अमेरिकेचा इतिहास. अमेरिकन गुरं पूर्वी कुरणात चरूनच मोठी व्हायची, थोडा काळ धान्य खाऊन बाजारात जायची. दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र झपाट्यानं पालटलं. कोलोरॅडोतल्या ग्रीली गावात वॉरन मॉनफर्टनं १९३० च्या दशकात गोऱ्ह्यांना वर्षभर बांधून धान्यावर पोसायला सुरुवात केली होती. १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्या कुटुंबाच्या आवारात एका वेळी एक लाख जनावरं मावत होती. एक लाख! टेक्सस, कॅन्सस, नेब्रास्का या कोरड्या पठारांवर अशी आवारं उभी राहिली. जमिनीखालच्या ओगालाला जलसाठ्याचं पाणी उपसून मका आणि ज्वारी पिकायची, ती शेजारच्या आवारातल्या गव्हाणीत पडायची. (हो, आपली ज्वारी. तिकडे ती माणसं फारशी खात नाहीत.)

याला म्हणतात फीडलॉट. साधारण ३०० ते ३५० किलोचा खच्ची केलेला गोऱ्हा आत येतो आणि सहाएक महिन्यांत ६०० किलोच्या आसपास जाऊन कत्तलखान्याकडे रवाना होतो. इथला धर्म दोन आकड्यांचा. एक, रोजची सरासरी वजनवाढ. दोन, एक किलो वजनासाठी किती किलो खाद्य लागलं. बाकी सगळं त्या दोन आकड्यांच्या पोटात.

आणि इथेच व्हिटॅमिन ई गळालं. हिरव्या गवतात ते भरपूर असतं. गवत कापून वाळवलं की त्यातलं बरंचसं उडतं, आपला कडबा हे त्याचं टोकाचं उदाहरण. मक्यात टोकोफेरॉल असतं खरं, पण बहुतांश 'गॅमा' प्रकारचं. शरीर जपून ठेवतं ते 'अल्फा', आणि ते मक्यात कमी. म्हणजे कुरणात जी गोष्ट रोज फुकट मिळत होती, ती गुरं आवारात आल्यावर कुणाच्याही लक्षात न येता मेनूवरून गेली. लक्षात येणार कशी? वजन तर वाढतच होतं, उलट जास्तच वाढत होतं!

मग प्रश्न आला : वरून देऊ का?

१९७० नंतर, आणि विशेषतः १९८० आणि ९० च्या दशकांत, फीडलॉटमधल्या गुरांना व्हिटॅमिन ई देऊन बघण्याचे खूप प्रयोग झाले. प्रश्न तोच, काट्याचा : याने वजन जास्त वाढतं का?

उत्तर आलं ते चिडचिड करायला लावणारं. कधी थोडं वाढतं, कधी काहीच नाही. १९९७ मध्ये सेक्रिस्ट, ओवेन्स आणि गिल यांनी तोवरच्या प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. नव्यानं आलेल्या, प्रवासानं दमलेल्या वासरांमध्ये फायदा जास्त दिसतो, महिनोन्महिने धान्य खाऊन स्थिरावलेल्या जनावरांमध्ये वजनवाढीचा फायदा लहान आणि बेभरवशाचा, असा एकूण सूर होता.

पण हे असं का, याचा विचार केला तर ते अगदी तर्काला धरून आहे. अल्फा-टोकोफेरॉल स्निग्धात विरघळतं, त्यामुळे यकृतात आणि चरबीत त्याचा साठा राहतो. हिरव्या कुरणातून थेट आलेल्या वासराचं खातं भरलेलं असतं, त्यात आणखी भर घातली तर काय होणार? दुष्काळातून किंवा लांबलचक हिवाळ्यात वाळलेल्या गवतावरून आलेल्या वासराचं खातं रिकामं असतं, तिथे फरक पडतो. आता ही दोन्ही वासरं एकाच प्रयोगात घालून सरासरी काढा. सरासरी सांगणार, 'फारसा फरक नाही'. सरासरी खोटं बोलत नाही, पण ज्या वासराला गरज होती त्याच्याबद्दल ती काहीच सांगत नाही.

आणि त्या वासराचं काय चाललेलं असतं हेही बघा. आईपासून नुकतं तोडलेलं, लिलावाच्या बाजारात फिरवलेलं, ट्रकमध्ये तासन् तास उभं, मग शेकडो अनोळखी जनावरांमध्ये सोडलेलं. या पहिल्या काही आठवड्यांत फुप्फुसांचा आजार धरतो. तिकडे त्याला 'शिपिंग फीव्हर' म्हणतात, प्रवासाचा ताप. उत्तर अमेरिकेतल्या फीडलॉटमधलं आजारपणाचं आणि मृत्यूचं हेच सगळ्यात मोठं कारण. शरीर जंतूंशी लढतं तेव्हा पांढऱ्या पेशी ऑक्सिजनचाच दारूगोळा वापरतात आणि त्या धुमश्चक्रीत स्वतःच्या पडद्यांचं रक्षण करायला व्हिटॅमिन ई खर्ची पडतं. त्यात वासरू भेदरून नीट खातही नाही. खर्च वाढला आणि आवक थांबली, अशी अवस्था.

गॅलियन, पेरिनो आणि डफ यांनी १९९९ मध्ये घेतलेल्या आढाव्यात हेच पुढे आलं : अशा वासरांना रोज ४०० युनिटपेक्षा जास्त दिल्यावर आजारपण कमी होण्याकडे कल दिसतो. २०१६ साली आलेल्या अमेरिकेतल्या राष्ट्रीय पोषण शिफारशींतही दमलेल्या नव्या गुरांसाठी रोज ४०० ते ५०० युनिटचा आकडा आहे. म्हणजे शिफारस टिकली, आणि त्यात तब्येतीचा मोठा वाटा.

तिसरी खेप : रंग

आता कथेतलं खरं वळण. फीडलॉटच्या खुराकात व्हिटॅमिन ई घालण्यामागे तब्येतीखेरीज आणखी एक कारण पुढे आलं, मांसाचा रंग!

अमेरिकन गिऱ्हाईक सुपरमार्केटात जातं, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला ट्रे उचलतं. मांस लालभडक असेल तर घेतं, तपकिरी असेल तर ठेवून देतं. हा लाल रंग मायोग्लोबिन नावाच्या प्रथिनाचा. त्यात लोहाचा एक अणू असतो. ऑक्सिजन चिकटला की रंग लाल, आणि लोहाचं ऑक्सिडेशन झालं की तपकिरी. सोप्या भाषेत, गंज. तपकिरी मांस खराबच झालेलं असतं असं अजिबात नाही, पण गिऱ्हाईकाला कोण समजावणार? सन २००० च्या सुमाराचा एक बहुचर्चित अंदाज असा की अमेरिकेतल्या दुकानांत सुमारे १५ टक्के बीफ निव्वळ रंग बदलल्यामुळे भाव पाडून विकावं लागतं आणि त्यात वर्षाला १ अब्ज डॉलरचं उत्पन्न बुडतं.

१९८० च्या दशकाच्या शेवटी विस्कॉन्सिन विद्यापीठात डॅनियल शेफर, कॅमरन फॉस्टमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी होल्स्टीन जातीच्या गोऱ्ह्यांना व्हिटॅमिन ई दिलं आणि नंतर त्यांचं मांस काउंटरवर ठेवून बघितलं. ते जास्त दिवस लाल राहिलं. पडद्यांतलं व्हिटॅमिन जनावर मेल्यावरही आपली ड्यूटी करत होतं! पुढच्या काही वर्षांत हिशेब बसला : शेवटचे चारेक महिने रोज ५०० युनिट, म्हणजे कृत्रिम अ‍ॅसिटेट स्वरूपात ५०० मिलिग्रॅम. तेवढ्यानं काउंटरवरचं आयुष्य काही दिवसांनी वाढतं.

या सगळ्यात वजनकाटा पुन्हा गप्पच. पैसा अब्जांत, आणि फीडलॉटच्या दोन पवित्र आकड्यांत त्याचा मागमूस नाही. त्यामुळे अडचण अशी की डोक्यामागे काही डॉलरचा खर्च करायचा फीडलॉटवाल्यानं, आणि फायदा व्हायचा दुकानदाराला. मधे कत्तलखाना. आपल्या टीमचा वेळ घालून दुसऱ्या टीमचे बग कमी होत असतील तर मॅनेजर किती उत्साहानं परवानगी देतो, ते तुम्हाला माहीत आहेच.

ज्यांना या व्हिटॅमिनचा पैसा नक्की दिसत होता ते होते उत्पादक. मे १९९९ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्यानं जाहीर केलं की रोश, बीएएसएफ आणि इतर कंपन्या जानेवारी १९९० पासून व्हिटॅमिनांचे भाव संगनमतानं ठरवत होत्या. त्यात व्हिटॅमिन ई होतंच. रोशनं गुन्हा कबूल करून ५० कोटी डॉलर दंड भरायचं मान्य केलं, बीएएसएफनं २२.५ कोटी. २००१ मध्ये युरोपीय आयोगानं एकूण ८५.५ कोटी युरोंचा दंड वेगळा ठोठावला. म्हणजे संशोधक ज्या दशकात 'रोज ५०० युनिट देऊन बघा' म्हणत होते, नेमक्या त्याच दशकात पशुखाद्य बनवणारे फुगवलेला भाव मोजत होते. फायद्याच्या गणितात किंमत ही एक बाजू असते, आणि ती बाजू बंद खोलीत ठरत होती.

उत्पादन अजूनही मोजक्याच हातांत आहे. २९ जुलै २०२४ रोजी जर्मनीत लुडविग्सहाफेनला बीएएसएफच्या कारखान्यात आग लागली आणि थोड्याच दिवसांत कंपनीनं व्हिटॅमिन ए आणि ईचा पुरवठा ठरल्याप्रमाणे करता येणार नाही असं कळवून टाकलं. एका शहरातल्या आगीचा झटका जगभरच्या गव्हाणींना.

आता उजळणी. १९२२ मध्ये उंदरांचं वजन छान होतं आणि पिल्लं मरत होती. १९४६ मध्ये गायींचं वजन छान होतं आणि हृदयं बंद पडत होती. १९९० च्या दशकात गोऱ्ह्यांचं वजन छान होतं, पण वासरं आजारी पडत होती आणि मांस काळवंडत होतं. तिन्ही वेळा 'वाढ होतेय का?' या प्रश्नाचं उत्तर 'हो' असंच होतं. उत्तर खरं होतं, प्रश्न अपुरा होता. आणि तिन्ही वेळा ज्यांना सापडलं त्यांनी दुसरीकडे बघितलं : इव्हान्स-बिशपनी गर्भाशयात, गुलिकसन-कॅल्व्हर्लींनी ईसीजीत, शेफर-फॉस्टमननी दुकानाच्या काउंटरवर.

एक गोष्ट मात्र मला टोचत राहते. तिसऱ्या वेळी जे सापडलं त्याचा मोबदला मिळाला तो मेलेल्या जनावराच्या रंगासाठी. ट्रकमधून उतरलेलं, थरथरणारं वासरू तेच व्हिटॅमिन मागत होतं, पण त्याच्या तब्येतीला बाजारात वेगळा भाव नव्हता. तो रंगाला होता. ज्याला भाव असतो ते आपण मोजतो, आणि जे मोजतो त्याचीच काळजी घेतो. कुरणातल्या गवताला यातलं काहीच मोजावं लागत नव्हतं, ते नुसतं हिरवं असायचं.

उद्या सोमवार. आपापले डॅशबोर्ड उघडाल तेव्हा सगळे दिवे हिरवे असतील, तर मिनिटभर थांबून एवढं विचारा की या पडद्यावर काय दाखवलेलं नाही.